रक्तबळीचा प्रवाद

ज्यू लोक वल्हांडण सणाच्या सुमारास ख्रिस्ती मुलांची हत्या करतात व त्यांचे रक्त धर्मविधीत वापरतात, असा मध्ययुगीन यूरोपात पसरलेला निराधार आरोप. त्यापायी अनेक ठिकाणी ज्यूंची लूट व कत्तल झाली. हा प्रवाद ख्रिस्ती समाजातच उपजला आणि त्याचे खंडनही ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांनी वारंवार केले. त्यामुळे असत्याच्या प्रसाराला आळा घालण्याच्या ख्रिस्ती प्रयत्नांचे सामर्थ्य व मर्यादा या दोन्ही त्यात दिसून येतात.

दशाज्ञांत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे. ‘अनुवाद’ या ग्रंथात (१९ : १५–१९) एकाच साक्षीदाराच्या शब्दावर कोणास दोषी ठरवू नये, न्यायाधीशांनी कसून चौकशी करावी आणि खोट्या साक्षीदारास त्याने दुसऱ्यावर आणू पाहिलेली शिक्षाच द्यावी, असे सांगितले आहे.

इंग्लंडमधील नॉरिच येथे ११४४ मध्ये विल्यम नावाच्या मुलाचे प्रेत सापडले. पुढे मॉनमथचा टॉमस या मठवासीयाने ज्यूंनी त्याचा छळ करून वध केल्याची कथा लिहून त्यास हुतात्मा ठरविले. रक्ताच्या वापराचा आरोप जर्मनीतील फुल्डा येथे १२३५ मध्ये पुढे आला व तेथे ३४ ज्यू मारले गेले. सम्राट दुसरा फ्रीड्रिख याने ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्या जाणकारांकडून चौकशी करविली. ज्यू धर्मशास्त्रास प्राण्यांचे रक्तही निषिद्ध असल्याचे त्यांनी दाखवून दिले आणि १२३६ मध्ये सम्राटाने ज्यूंना निर्दोष ठरविले.

पोप चौथा इनोसंट याने १२४७ मध्ये जर्मनीतील बिशपांना पत्र लिहून हा आरोप खोटा असल्याचे व ज्यूंची मालमत्ता लुबाडण्यासाठी तो रचला जात असल्याचे कळविले. दहाव्या ग्रेगरीने १२७२ मध्ये पुढचे पाऊल टाकले. अशा प्रकरणांत केवळ ख्रिस्ती साक्षीदारांच्या साक्षीवर ज्यूंना दोषी धरू नये, असा दंडक त्याने घातला. पैसे उकळण्यासाठी काही ख्रिस्ती लोक स्वतःचीच मुले लपवून ठेवतात, हेही त्याने नमूद केले.

प्लेगच्या साथीत (१३४८) ज्यूंनी विहिरींत विष कालविल्याची नवी अफवा उठली. सव्हॉयमध्ये छळ करून मिळविलेले कबुलीजबाब स्ट्रॅस्बर्गसारख्या शहरांकडे पाठविण्यात आले व अफवेला पुराव्याचे रूप आले. त्याच वर्षी आव्हीन्यों येथून पोप सहावा क्लेमंट याने या अफवेचे खंडन केले : ज्यूही या रोगाने मरत आहेत आणि जेथे ज्यूंची वस्तीच नाही, तेथेही साथ पसरली आहे. तथापि स्ट्रॅस्बर्ग येथे साथ पोहोचण्यापूर्वीच १४ फेब्रुवारी १३४९ रोजी शेकडो ज्यूंना जाळण्यात आले.

पोपच्या आज्ञेपेक्षा स्थानिक हितसंबंध प्रबळ ठरत. हुतात्मा बालकाच्या समाधीमुळे यात्रेकरू येत व त्या स्थानाची प्रतिष्ठा वाढे. ट्रेंट येथे सायमन या बालकाच्या मृत्यूनंतर (१४७५) बिशप हिंडरबाख याने ज्यूंचा छळ करून कबुलीजबाब घेतले. पोपचा प्रतिनिधी बात्तिस्ता दे ज्यूदिची याने या खटल्याविषयी गंभीर शंका घेतली. परंतु चौथ्या सिक्स्टसने १४७८ मध्ये खटल्याची कार्यपद्धती नियमास धरून असल्याचा निर्णय दिला. नव्या मुद्रणकलेने ही कथा दूरवर नेली. १४९३ च्या न्यूरेंबर्ग बखरीत तिचे चित्रही आले. सायमनच्या उपासनेला १५८८ मध्ये अधिकृत मान्यता मिळाली. पोलंडमधील ज्यूंच्या तक्रारीवरून कार्डिनल गांगानेल्ली (नंतरचा पोप चौदावा क्लेमंट) याने अठराव्या शतकाच्या मध्यास सादर केलेल्या अहवालात पोलंडमधील आरोप फेटाळले. मात्र ट्रेंटचे प्रकरण त्याने खरे मानले.

ही उपासना १९६५ मध्ये बंद करण्यात आली. त्याच वर्षी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष सरसकट ज्यू समाजावर लादणे अमान्य केले. खोट्या साक्षीचा निषेध धर्मग्रंथात प्रारंभापासून होता; पण साक्षीदार कोण, कबुली कशी मिळाली व आरोपाचा लाभ कोणास, हे प्रश्न जेथे विचारले गेले तेथेच तो निषेध ज्यूंच्या रक्षणास उपयोगी पडला.