सत्याग्रहाच्या बातम्या आणि जुने अंक

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पेडणे तालुक्यात पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. साखळीहून हे ठिकाण फार लांब नाही. तरी या घटनेच्या बातम्या जमवू इच्छिणाऱ्यास पुण्या-मुंबईची मराठी पत्रेच धुंडाळावी लागतात. सालाझारच्या राजवटीत गोव्यात छापली जाणारी प्रत्येक ओळ सेन्सॉरच्या नजरेखालून जाई.

पुण्याच्या 'केसरी'चे या चळवळीशी घरोब्याचे नाते होते. जयंतराव टिळक गोवा विमोचन सहायक समितीच्या अग्रभागी होते. त्याच वर्षी मे महिन्यात नानासाहेब गोरे व सेनापती बापट पहिली तुकडी घेऊन सरहद्द ओलांडून गेले. तेव्हा 'केसरी'चा अंक साक्षीदाराचा खरा, परंतु पक्षकाराचाही. पणजीचा पोर्तुगीज 'ओ हेराल्डो' शेजारी ठेवूनच तो वाचावा.

आपल्या जुन्या घरांतून निघतात ती बहुधा कात्रणे, तारीख व पत्राचे नाव गमावलेली. कात्रण ठेवणाऱ्याला बातमी पुरते. अभ्यासकाला मात्र ती कोणत्या पानावर होती, मृतांचा आकडा पुढच्या अंकात किती बदलला, हेही हवे असते. लाकडाच्या लगद्याचा हा कागद स्वतःच्याच आम्लाने ठिसूळ होतो, आणि आमच्याकडे वाळवी त्याआधीच पोचते. म्हणून अंक अखंड, घडी न घालता, कोरड्या जागी ठेवलेला बरा.