गाणं काढलं तर गोष्ट उरते का?

नववी-दहावीच्या वर्गात संगीत नाटक शिरतं ते सनावळीच्या दारातून. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांचं ‘सीतास्वयंवर’, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’, मग बालगंधर्व, मग उतरती कळा. यात खोटं काही नाही. पण खरी घडामोड या दोन सनांच्या मध्ये दडून राहते. भाव्यांच्या खेळात पदं सूत्रधार म्हणायचा, पात्रं त्यावर हावभाव करायची आणि आपल्या पदरचं बोलायची. किर्लोस्करांनी पद पात्राच्याच तोंडी दिलं. गोष्ट कोण सांगतं, या प्रश्नाचं उत्तरच त्यामुळे बदललं. पुढे वन्समोअरच्या नादात तेच पद गोष्टीला मध्येच थांबवू लागलं, हाही त्याच इतिहासाचा भाग. म्हणून संगीत नाटक शिकवताना कसोटी एकच लावावी : गाणं काढून घेतलं तर गोष्ट उरते का? नंदुरबार जिल्ह्यात ही कसोटी शिकवायला पुण्यापासून सुरुवात करण्याची गरज नाही, असं माझं म्हणणं आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात दहातली जवळपास सात माणसं आदिवासी आहेत. याहामोगी, राजा पांठा, गांडा ठाकूर या दैवतांच्या कथा सातपुड्यात पिढ्यान्‌पिढ्या गाऊनच सांगितल्या गेल्या. अक्कलकुवा तालुक्यातलं डाब हे या कथांचं मूळ ठिकाण मानलं जातं. तिथे आधी गोष्ट आणि मग तिला चाल, असा प्रकार नाही. चाल गेली की कथाही गेली. दुसरी परंपरा सोंगाड्या पार्टीची. हंगाम उरकल्यावर, लग्नात, जत्रेत रात्रभर चालणारा हा खेळ स्थानिक बोलीत होतो. गाणी, नाच, हजरजबाबी संवाद, आणि स्त्रीभूमिकाही पुरुषांच्याच. गाण्याची ताकद इथे करमणुकीपुरती राहिली नाही. १९३८च्या सुमारास तळोदे भागात समाजसुधारक गुला महाराजांच्या आरतीला हजारो भिल्ल जमत. दारू सोडा, हे सांगणं सामूहिक गायनातून पोचलं.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा : हे विधी आहेत, नाटक नव्हे. काठी गावच्या राजवाडी होळीपुरता तो मला मान्य आहे. अंगावर रंगाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला दुधीभोपळे आणि घुंगरू बांधलेला बावा-बुध्या नट नसतो. तो नवस फेडत असतो आणि त्यासाठी कडक पाळणी पाळतो. म्हणूनच स्नेहसंमेलनात ‘आदिवासी नृत्य’ म्हणून तो वेश पाच मिनिटांसाठी चढवणं मला खटकतं : गोष्ट गावात राहते, शाळेत फक्त पोशाख येतो. पण याहामोगीसारख्या गाऊन सांगितलेल्या गाथा आणि सोंगाड्या यांना हा आक्षेप लागू होत नाही, कारण त्यांना श्रोता-प्रेक्षक हवाच असतो. दुसरा आक्षेप सोंगाड्याच्या चावटपणाचा. चावटपणा आहे, आणि वर्गात आणताना निवड करावीच लागेल. तशी ती तमाशा शिकवतानाही करावी लागते. पुरुषाने लुगडं नेसलं म्हणून कोणी नाक मुरडत असेल, तर त्याने बालगंधर्वांच्या धड्याचं काय करायचं तेही सांगावं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे : परीक्षा प्रमाण मराठीत, घरची बोली भिली, पावरी, मावची किंवा अहिराणी, मग वेळ कुठला? राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ साली दहावीपर्यंत कलाशिक्षणाचा आग्रह धरला, त्यात नाट्यही होतं. तरी बहुतेक वेळापत्रकांत ते तासिकेपेक्षा संमेलनातच दिसतं. पण इथे बोली आणि परीक्षा एकमेकींच्या आड येत नाहीत. मुलीने आजीकडून ऐकलेल्या गाथेचा एक तुकडा वर्गात गावा. मग त्याच जागी गाणं का आलं, ते साध्या बोलण्यात सांगितलं असतं तर काय हरवलं असतं, हे प्रमाण मराठीत एका पानात लिहावं. रसग्रहणाच्या प्रश्नात याहून वेगळं काही विचारलेलं नसतं. आणि मग ‘शाकुंतल’ उघडावं. सूत्रधाराकडून पद पात्राकडे का गेलं, हे त्या मुलीला वेगळं समजवावं लागणार नाही.