लग्न कोणी लावावे?



विक्रोळीच्या कन्नमवारनगरात राहणारा माझा एक जुना विद्यार्थी गेल्या महिन्यात आपल्या वाग्दत्त वधूसह भेटावयास आला. त्याची आई विधवा. रूढीप्रमाणे मंगलकार्यात ती मागेच उभी राहणार. उभयतांची इच्छा अशी की, शपथा तिनेच वदवाव्यात. पण वडीलधारी मंडळी म्हणत होती, "भटजींवाचून लग्न लागत नाही." मुलगा म्हणाला, "गुरुजी, आपणच सांगा." मी त्यास इतिहास सांगितला, तोच आज आपणांपुढे ठेवितो.

पूर्वी आपल्या गावोगावी जोशीपण हे वतन असे. लग्न लावणारा निवडावयाचा नसे. तो वंशपरंपरेने ठरलेलाच असे. यजमानाने दुसऱ्याकडून विधी करविला, तरी वतनदार जोशी आपल्या दक्षिणेचा दावा न्यायालयात लावी. विधीचा अर्थ वधूवरांस कळला की नाही, हा प्रश्न कोणी विचारीत नसे.

जोतीराव फुले ह्यांनी 24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यास सत्यशोधक समाज स्थापन केला आणि तीनच महिन्यांनी, 25 डिसेंबर रोजी, सीताराम जाबाजी आल्हाट व राधा ह्यांचा विवाह पुरोहितावाचून लागला. सावित्रीबाईंनी ह्या कामी पुढाकार घेतला. पुढे 1887 साली जोतीरावांनी मराठी मंगलाष्टकांसह पूजाविधीचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात वर आणि वधू परस्परांशी बोलतात. वधू स्त्रियांच्या हक्कांचे वचन मागते. पुरोहित वगळण्याहूनही ही गोष्ट मला मोठी वाटते. शपथ जो घेतो त्यानेच ती आपल्या भाषेत उच्चारावी, असा हा दंडक होय.

हा हक्क सुखासुखी मिळाला नाही. जुन्नर तालुक्यातील ओतूर येथे 1884 साली बाळाजी कुसाजी पाटील ह्यांनी घरचे लग्न जोश्यास न बोलाविता लाविले. जोश्याने दावा केला आणि तो तंटा मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत गेला. एका शेतकऱ्यास आपल्या घरच्या लग्नासाठी केवढा खटाटोप करावा लागला, पाहा!

आज कायदा काय म्हणतो? 1955 चा हिंदू विवाह कायदा वराच्या अथवा वधूच्या रूढीप्रमाणे विधी व्हावा, एवढेच सांगतो. तो अमुक जातीच्या माणसाने चालवावा, असे सांगत नाही. पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तर स्त्रियांनाही पौरोहित्य शिकविले आहे. मात्र विधी सर्वस्वी स्वतः रचावयाचा असेल, तर केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. 1954 च्या विशेष विवाह कायद्यान्वये नोटीस द्यावी, तीस दिवस थांबावे, तीन साक्षीदारांसमक्ष विवाह करावा. मग समारंभ कोणाच्याही हातून होवो.

आणि निवड करिताना दक्षिणेचा आकडा शेवटी विचारावा. प्रथम विचारावे की, "प्रत्येक वचनाचा अर्थ आम्हांस आधी समजावून द्याल काय?" जो आनंदाने 'होय' म्हणेल, तो भटजी असो वा घरची माउली, तोच खरा पुरोहित.

हे ऐकून मुलाने प्रथम नोंदणीची नोटीस देण्याचे ठरविले. जाताना मुलीने विचारले, "गुरुजी, आईंस हे सांगावयास आपण याल ना?" येत्या रविवारी मी जाणार आहे.