दीनानाथ बत्रा यांचा प्रभाव कशामुळे वाढला?
नवी दिल्ली : धर्म व इतिहासविषयक लेखनावरील वादांत दीनानाथ बत्रा (१९३०-२०२४) यांचे नाव दीर्घकाळ केंद्रस्थानी राहिले. ‘विद्या भारती’चे माजी सरचिटणीस असलेले बत्रा पेशाने इतिहासकार नव्हे, शिक्षक होते. अनेक इतिहासकारांना त्यांची मते अमान्य होती. तरीही त्यांचा प्रभाव वाढला, कारण त्यांनी वाद परिसंवादाऐवजी न्यायालयात नेला.

रामायणाच्या विविध परंपरांवरील ए. के. रामानुजन यांचा निबंध दिल्ली विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून वगळावा, अशी मागणी करणाऱ्या याचिकाकर्त्यांत ते होते. सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनेनुसार नेमलेल्या चार तज्ज्ञांपैकी तिघे निबंध ठेवण्याच्या बाजूचे होते. तथापि, विद्वत परिषदेने ऑक्टोबर २०११ मध्ये तो वगळला.

वेंडी डोनिगर यांच्या ‘द हिंदूज’ या ग्रंथाविरुद्ध बत्रा यांनी साकेत न्यायालयात दावा दाखल केला. न्यायालयाने बंदी घातली नाही. मात्र पेंग्विनने फेब्रुवारी २०१४ मध्ये तडजोड करून ग्रंथ मागे घेतला आणि धार्मिक भावना दुखावण्याविषयीच्या कलम २९५ अ कडे बोट दाखवले. त्याच वर्षी बत्रा यांची पुस्तके गुजरातमधील शाळांत पूरक वाचनासाठी वाटण्यात आली.

समर्थकांच्या मते, पाठ्यपुस्तकांविषयी बोलण्याचा श्रद्धावानांचा हक्क त्यांनी मिळवून दिला. टीकाकारांच्या मते, खटल्याच्या धाकाने प्रकाशक स्वतःच लेखनाला कात्री लावू लागले. डोनिगर यांचा ग्रंथ २०१५ मध्ये दुसऱ्या भारतीय प्रकाशकाने पुन्हा काढला. त्यातील प्रतिपादन योग्य की अयोग्य, याचा निवाडा मात्र न्यायालयात झालाच नाही.