नाकातले मांस: दोरा, चिमटा आणि मिठाचे पाणी

सुश्रुत आणि नाक यांचा विषय एकत्र निघाला की कावसजीची आठवण होतेच. नाक कापले गेलेल्या या गाडीवानाला कपाळाच्या कातडीतून नवे नाक कसे मिळाले, ती हकिगत 1794 साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये चित्रासह छापून आली आणि युरोपातले शस्त्रवैद्य थक्क झाले. पण सुश्रुतसंहितेने नाकाच्या आतही तितक्याच बारकाईने पाहिले होते, हे सहसा कुणी सांगत नाही. उत्तरतंत्रात नाकाचे 31 रोग मोजले आहेत आणि त्यांत ‘नासार्श’ आहे, म्हणजे नाकात वाढणारा मांसाचा कोंब.

निदानस्थानात त्याची लक्षणेही दिली आहेत: सतत सर्दी, शिंकांवर शिंका, श्वासाला अडथळा, नाकाला दुर्गंधी, गेंगाणे बोलणे, डोकेदुखी. आजच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाला आपल्या केसपेपरवर यात वास न येण्याचीच काय ती भर घालावी लागेल.

घरोघरी या आजाराला ‘नाकात मांस वाढलंय’ म्हणतात. कुणी ‘हाड वाढलंय’ असेही म्हणतात, पण इथे हाडाचा संबंध नाही. नाकाच्या आणि सायनसच्या पोकळ्यांचे ओलसर अस्तर महिनोन्‌महिने सुजत राहते, त्यात पाणी साठते आणि शेवटी ते सोललेल्या द्राक्षाच्या मण्यासारखे खाली लोंबू लागते. हा गोळा मऊ असतो, फिकट असतो आणि हात लावला तरी सहसा दुखत नाही. वैद्यकात याला पॉलिप म्हणतात.

या गोळ्याचे करायचे काय, यावर सुश्रुताचे उत्तर चार पदरी होते. अर्श नुकताच झालेला आणि सौम्य असेल तर औषध. मऊ, पसरलेला आणि खोल असेल तर क्षार. खरखरीत आणि घट्ट असेल तर डाग. मूळ बारीक आणि गोळा वर आलेला असेल तर शस्त्र. कोणत्या रोग्याला काय करायचे हे आधी ठरवा, मग हात घाला, ही शिस्त त्यात आहे, आणि औषधांच्या यादीपेक्षा ती मोलाची आहे. वाग्भटाने तर नाकातल्या अर्शासाठी दोन अंगुळे लांबीची, तर्जनीएवढ्या जाडीची, एकाच छिद्राची नळी सांगितली आहे. नाक उघडे धरून आत नेमके पाहायचे आणि शेजारच्या निरोगी भागाला इजा होऊ द्यायची नाही, हे त्या काळीही वैद्यांना महत्त्वाचे वाटत होते.

अकराव्या शतकात चक्रपाणिदत्ताने नासार्शासाठी एक तेल नोंदवले. त्यात चुलीवर जमणारी काजळी, पिंपळी, देवदार, क्षार, करंज, सैंधव आणि आघाड्याचे बी पडते. आघाडा मराठी घराला परका नाही. ऋषिपंचमीला बायका त्याच्याच काडीने दात घासतात. पण वैद्यांना तो हवा होता तो मुख्यतः क्षारासाठी. त्याची राख पाण्यात कालवून, गाळून, आटवून तयार होणारा क्षार मांस जाळतो. तो जहाल असतो, आणि म्हणूनच संहितेत त्याच्या तयारीला आणि वापराला स्वतंत्र अध्याय दिलेला आहे.

इकडे हे चालू असताना भूमध्य समुद्राकाठी दोऱ्याचे तंत्र रुळले. हिपोक्रॅटिसच्या नावावरच्या ग्रंथसंग्रहात सांगितलेली रीत वाचतानाच नाक झिणझिणते. स्पंजाचा घट्ट तुकडा दोऱ्यांनी बांधायचा, दोऱ्यांची टोके नाकातून मागे घालून तोंडातून बाहेर काढायची आणि मग जोराने ओढायचे. स्पंजाबरोबर नाकातले मांसही उपटून तोंडावाटे बाहेर येई. सातव्या शतकातला पॉल ऑफ इजाइना आणि इसवी सन 1000 च्या सुमाराचा कोर्दोव्याचा अल-झहरावी यांनी स्पंज सोडून गाठी मारलेला दोरा घेतला. तो नाकातोंडातून करवतीसारखा मागेपुढे ओढून गोळा कापत. रोगी शुद्धीवर असे.

आपल्याकडे पंधराव्या शतकातल्या हठयोगप्रदीपिकेत दोऱ्याचा हाच मार्ग सापडतो, पण हेतू अगदी वेगळा. तिथली नेती म्हणजे गुळगुळीत सूत नाकातून घालून तोंडातून काढणे, आणि ते करायचे मुख्यतः शुद्धीसाठी. त्या ग्रंथात नेती सुताचीच आहे. घरोघरी पोचलेली पाण्याची नेती लोकप्रिय झाली ती पुढे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासायला घेतल्या, तेव्हापासून अशा शुद्धिक्रियांकडे वैद्यकाच्या नजरेने पाहण्याची वाट महाराष्ट्रात तयार झाली.

युरोपात सोळाव्या शतकात फॅलोपिअसने तारेचा फास आणि त्याच्या मागोमाग फॅब्रिशिअसने खास चिमटा वापरला. पुढची तीनशे वर्षे अवजारे सुधारत गेली, वेदना मात्र तेवढीच राहिली. 1884 साली व्हिएन्नाच्या कार्ल कोलरने कोकेनने डोळा बधिर करून दाखवला. थोड्याच काळात नाकाचे शस्त्रवैद्यही ते वापरू लागले आणि रोगी पहिल्यांदा खुर्चीत शांत बसू शकला.

तरी एक प्रश्न कुणालाच सुटत नव्हता. काढलेला गोळा पुन्हा का येतो?

उत्तराचा पहिला धागा मिळाला तो ब्रेस्लाऊ शहरात. फ्रीड्रिश व्होल्टोलिनीने 1871 साली नोंदवले की नाकातले पॉलिप काढल्यावर काही रुग्णांचा दमाही उतरला. नाक आणि फुप्फुस एकाच आजाराने धरले जात असावेत, ही शंका तिथे आली. दुसरा धागा जास्त धक्कादायक होता. 1922 साली पॅरिसमध्ये विदाल, अब्रामी आणि लेर्मोयेझ यांनी दमा, नाकातले पॉलिप आणि अॅस्पिरिनचे वावडे ही तिन्ही एकाच रुग्णात एकत्र दाखवली. गोळी घेतल्यावर अशा माणसाला दम्याचा झटका येई. एवढी महत्त्वाची नोंद जवळजवळ विस्मरणात गेली. 1968 मध्ये शिकागोच्या मॅक्स सॅम्टर आणि बीअर्स यांनी तेच त्रिकूट पुन्हा मांडले आणि त्याला सॅम्टरचे नाव चिकटले. श्रेय पॅरिसच्या त्या तिघांचे आहे, हे नोंदवायलाच हवे.

अॅस्पिरिनने पॉलिप होतो असे नाही. ज्यांच्या अस्तरात दाह निर्माण करणारी रसायने आधीच जादा तयार होतात, त्यांच्यात ही गोळी ती आणखी वाढवते. म्हणजे दोष अस्तराच्या स्वभावात आहे, आणि चिमट्याने स्वभाव बदलत नाही. काहींच्या बाबतीत दाहामागे बुरशीची अॅलर्जी असते. भारतात हा प्रकार बऱ्यापैकी दिसतो. लहान मुलात पॉलिप आढळला तर सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार तपासावा लागतो.

कारण कळत गेले तसे उपचारही बदलले. ग्रात्सच्या वॉल्टर मेसरक्लिंगरने सायनस आपली घाण कोणत्या वाटेने बाहेर टाकतात ते दुर्बिणीतून वर्षानुवर्षे पाहिले आणि 1978 साली ग्रंथरूपाने मांडले. तुंबलेली वाट मोकळी करायची आणि चांगले अस्तर राखायचे, हे आजच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे तत्त्व तिथूनच आले. 1970 च्या दशकात नाकात मारायचे स्टिरॉइड फवारे आले. 2019 साली अमेरिकेत डुपिलुमॅब या इंजेक्शनाला नाकातल्या पॉलिपसाठी मान्यता मिळाली. ते दाहाच्या साखळीतली एक कडीच अडवते. हे औषध फार महाग आहे आणि बहुतेकांना त्याची गरजही पडत नाही.

मग घरगुती उपायांचे काय? या सगळ्या इतिहासातून खरोखर तावून सुलाखून निघाले ते मिठाचे कोमट पाणी. ते पॉलिप विरघळवत नाही, पण शेंबूड, धूळ आणि अॅलर्जीकारक कण धुऊन काढते, आणि डॉक्टरही फवाऱ्याच्या जोडीला ते सुचवतात. पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे. 2011 साली अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नाक धुणारे दोघे मेंदू पोखरणाऱ्या अमीबाने दगावले.

तेलाबद्दल सावधपणे बोलावे लागेल. नाकावाटे घातलेले तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो, हे लॉफ्लेनने 1925 सालीच दाखवले आहे. चक्रपाणिदत्ताचे तेल जाणत्या वैद्याच्या हातून घेणे वेगळे आणि बाटली आणून रोज स्वतःच नाकात ओतणे वेगळे. क्षार तर घरी वापरायची वस्तूच नाही. हळद, तुळस, वाफ यांनी नाक चोंदलेल्या माणसाला बरे वाटते, पण त्यांनी पॉलिप गेल्याचा भरवशाचा पुरावा नाही.

म्हणून ज्यांचे नाक महिनोन्‌महिने चोंदलेले आहे आणि ज्यांना फोडणीचा वास येईनासा झाला आहे, त्यांनी तपासून घ्यावे. गोळा एकाच बाजूला असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर एक दिवसही थांबू नये, कारण तो प्रत्येक वेळी साधा पॉलिप नसतो. आणि दम्याबरोबर पॉलिप असेल तर डोकेदुखीवर दुकानातून परस्पर अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.