माहुलीचे राष्ट्राध्यक्ष

बेटांवरच्या चिमुकल्या देशांचं मला भारी कौतुक. देश केवढा, तर आपल्या तालुक्याएवढा. पण राष्ट्राध्यक्ष, झेंडा, टपालाची तिकिटं, सगळं साग्रसंगीत! आमच्या शहापूरला समुद्रच नाही, तिथं बेट कुठलं, असं तुम्ही म्हणाल. पण आसनगाव स्टेशनात उतरून जरा मान वर करा. माहुली, भंडारगड आणि पळसगड खांद्याला खांदा लावून उभे दिसतील. १६३६ साली हे एका बुडत्या राज्याचं शेवटचं बेट होतं. भोवती पाण्याऐवजी फौजा होत्या, इतकंच.

या बेटाचे राष्ट्राध्यक्ष शहाजीराजे भोसले. पदवी मी दिलेली. कारण गादी निजामशहाची आणि कारभार राजांचा, असा मामला होता. १६३३ साली मोगलांनी दौलताबाद घेतलं, निजामशहाला कैद केलं. दुसरा एखादा नव्या मालकाकडे अर्ज टाकून मोकळा झाला असता. राजांना त्याचा सराव नव्हता असं नाही. निजामशाही, आदिलशाही, मोगलाई, तिन्हीकडे त्यांची चाकरी झालेली. एवढ्या नोकऱ्या बदललेलं स्थळ सांगून आलं, तर आमच्याकडे मुलीचा बाप ‘पत्रिका जुळत नाही’ म्हणून कळवील! पण या वेळी राजांनी निजामशाही घराण्यातला मुर्तजा नावाचा लहानगा शोधला, संगमनेरजवळ पेमगिरीला त्याला गादीवर बसवलं आणि बुडालेलं राज्य तीन वर्षं चालवून दाखवलं.

लेकराच्या नावानं राज्य हाकणं आमच्या मुलखाला नवं नाही. मुरबाडकडून नाणेघाट चढलात, की वरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. मुलं लहान म्हणून बाईंनीच कारभार पाहिला, असं अभ्यासक म्हणतात. फरक एवढाच, की नागनिकेची मुलं पोटची होती.

पुढं शहाजहान जातीनं दक्षिणेत उतरला. १६३६ साली त्यानं आदिलशहाशी तह केला आणि दोघांच्या फौजा राजांच्या पाठीस लागल्या. पोर्तुगिजांनी आसरा नाकारला. राहता राहिली माहुली. वेढा पडला आणि अखेर बोलणी झाली. राजांना आदिलशाहीत चाकरी मिळाली. पुढं बंगळूरची जहागीरही आली. मुर्तजा मात्र मोगलांच्या हवाली झाला.

इतिहासाची पुस्तकं इथं पान उलटतात. माझं बोट मात्र त्या पोरावर अडतं. गादीवर बसताना त्याला कुणी विचारलं नव्हतं, उतरतानाही नाही. राजांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तीन वर्षं दोन बलाढ्य सत्तांना झुलवणं खायचं काम नव्हे. पण जमीन दुसऱ्याच्या नावावर असली, की कसणाऱ्याला एक दिवस बांधावरून उतरावंच लागतं, हे कुळकायदा पाहिलेल्या आमच्या तालुक्याला निराळं सांगायला नको.

त्या वर्षी राजांचा धाकटा मुलगा सहा वर्षांचा होता. मोठेपणी त्यानं माहुली घेतली, १६६५ च्या पुरंदरच्या तहात गमावली आणि १६७० साली परत मिळवली. १६७४ ला रायगडावर गादी मांडली, तेव्हा त्यानं कुणाचं मूल शोधलं नाही. सातबारा सरळ स्वतःच्या नावावर केला!