अडतीस अणू

नोव्हेंबर २०१० मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून बातमी आली, प्रतिहायड्रोजनचे ३८ अणू पकडले! किती वेळ ठेवले? सेकंदाचा साधारण सहावा हिस्सा. यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. पण मंडळी, यामागे पंधरा वर्षांची चिकाटी आहे.

साध्या हायड्रोजनमध्ये एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. प्रतिहायड्रोजनमध्ये त्यांच्याजागी उलट भाराचे प्रतिप्रोटॉन आणि पॉझिट्रॉन. १९९५ मध्ये सर्नलाच वॉल्टर ओएलर्ट यांच्या गटानं असे नऊ अणू बनवले, पण ते जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळत होते. त्यांना तपासणार कसं? २००२ मध्ये थंड अणू हजारोंनी बनले, तेही भांड्याच्या भिंतीवर आदळून संपले.

अडचण हीच. द्रव्याला शिवलं की प्रतिद्रव्य नष्ट, मग ठेवायचं कशात? भारित कण विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रात अधांतरी ठेवता येतात. अणूला तर भारच नाही. त्याच्या अंगचं इवलंसं चुंबकत्व, तेवढीच काय ती शेंडी हाती लागते. निरपेक्ष शून्याच्या अर्धा अंश वर गेला की अणू निसटलाच. ‘अल्फा’ गटानं ३३५ वेळा प्रयत्न केले, तेव्हा कुठे ३८ सापडले. आणि सापडल्याचं कळायचं कसं? चुंबक बंद करायचा, अणू भिंतीवर आदळू द्यायचा आणि उडालेल्या कणांचा माग काढायचा. म्हणजे मेल्यावरच कळतं, की होता! मला तरी हे फार चटका लावून गेलं.

एवढा आटापिटा कशासाठी? आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच जन्मलं असेल, तर एकमेकांना संपवून काहीच उरायला नको होतं. आपण उरलो कसे? १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांना दोघांत बारीकसा फरक दिसला, पण तो पुरत नाही. भार, डावं-उजवं आणि काळ, तिन्ही एकदम उलटवले तरी नियम बदलत नाहीत, ही सममिती मात्र शाबूत आहे. ती खरी असेल तर दोन्ही हायड्रोजननी नेमका एकाच रंगाचा प्रकाश शोषायला हवा.

२०११ मध्ये अणू १००० सेकंद टिकले आणि लेसरला सवड मिळाली. २०१८ पर्यंत एक लाख कोटीत दोन भाग इतक्या बारकाईनं पाहून झालं. रंग तोच! २०२३ मध्ये अणू मोकळे सोडले, तर ते खालीच पडले. त्वरण नेहमीच्या पाऊणपट आलं खरं, पण मापातली अनिश्चितता इतकी, की एकपटही त्यात बसतं.